शू होत नसेल तर थांबू नका
गाडीखाली आलेल्या मांजराच्या पिल्लाचे मागचे पाय लुळे पडलेत आणि कालपासून त्याने शू केलेली नाही, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून घाईने लिहितेय. आजच डॉक्टरांकडे न्या. कण्याला मार बसला की मूत्राशय बऱ्याचदा आपोआप रिकामं होत नाही. दिवसातून ३-४ वेळा हलक्या हाताने दाबून करावं लागतं. ते डॉक्टरांसमोर स्वतः करून शिका, नुसता व्हिडिओ बघून नको. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरांना ती विषारी असते. आमच्या चिंगी मांजरीची मांडी फरशीवर घासून सोलली होती, म्हणून खोक्यात जुनी मऊ साडी अंथरली. अजूनही ती पुढच्या पायांवर सरकतच चालते, पण हाक मारली की येते. डॉक्टर काय म्हणाले ते कळवा, वाट बघतेय.