लग्नात कापलेल्या फुलांऐवजी घरच्या जुन्या कुंड्या : काय टिकेल, काय घरीच ठेवावं?

वाडा_सातारा (५ फेब्रुवारी)
लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पुण्यात, एसी हॉलमध्ये. मुहूर्त सकाळी ११.४० चा, रिसेप्शन त्याच संध्याकाळी. फुलांचं डेकोरेशन न करता साताऱ्याच्या घरातल्या, पणजीच्या वेळेपासून चालत आलेल्या कुंड्या लावायचा विचार आहे. मोगरा ८ आणि क्रोटन ५ (सगळे १२ इंची), स्नेक प्लांट ५, शोभेची शतावरी ४, फर्न ६, अनंत २, बोगनवेल २, ब्रह्मकमळ १. कुंड्या मातीच्या, आत लाल माती. अंतर साधारण ११० किमी.
१) मोगरा नेमका त्या आठवड्यात फुलवता येईल का?
२) कोणती झाडं नेऊच नयेत?
३) स्टेज २४ फुटी आहे. एवढ्या कुंड्यांत भरेल का?

गच्चीवाली
दुसरा प्रश्न आधी, तो सोपा आहे. अनंत घरीच ठेवा. कळ्या धरलेला अनंत जागेवरून हलवला, ऊन-वारा बदलला, की दोन-तीन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळतात. मग उरतं नुसतं हिरवं झुडूप. ब्रह्मकमळ रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं, ११.४० च्या मुहूर्ताला त्याचा काय उपयोग? बोगनवेलीला काटे. शालूचा पदर एकदा अडकला की धागा ओढला जाणारच.

आता मोगरा. छाटणीपासून बहर यायला उन्हाळ्यात साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी चार कुंड्या १५ मार्चला छाटा आणि चार २५ मार्चला. सगळ्या एकाच दिवशी छाटू नका. एप्रिलमध्ये ऊन जास्त तापलं तर बहर आठवडाभर पुढे-मागे होतो, मग एक तुकडी तरी मुहूर्तावर सापडते.

छाटणीआधी ८-१० दिवस पाणी कमी करा, पानं थोडी मलूल होतील इतपत. मग पानं ओरबाडून काढा, फांद्यांचा वरचा तिसरा भाग कापा, वरची दोन इंच माती उकरून प्रत्येक कुंडीत दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. युरिया नको, नुसता पाला सुटतो. रोज ५-६ तास थेट ऊन हवंच. भिंतीच्या सावलीत ठेवून कळ्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणखी एक. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. मुहूर्ताच्या वेळी झाडावर आदल्या संध्याकाळची फुलं असतील, दुपारपर्यंत त्यांच्या कडा तपकिरी पडतात. ती दोनच्या सुमारास खुडून टाका. टपोरी, पांढरी झालेली कळी रिसेप्शनला उमलेल. हिरवट आणि ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर त्या दिवशी नाही.

मांडवकर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही भरणार, आणि भरायला जाऊही नका. १२ इंची कुंडीतला मोगरा कुंडीसकट तीन फुटांचा. २४ फुटी स्टेजच्या मागे तो लावला तर फोटोत वधूवरांच्या मागे दिसणारसुद्धा नाही, आणि पुढे लावला तर त्यांचे पाय झाकतो. मागे साधा एकरंगी पडदा, कडेला नर्सरीतून भाड्याने ५-६ फुटी अरेका पाम ८-१० आणि घरच्या कुंड्या माणसं जवळून जातात तिथे : प्रवेशदार, स्टेजच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजू, अंतरपाटाच्या डाव्या-उजव्या अंगाला. वास नाकाशी यायला हवा, तरच मोगऱ्याचा खटाटोप सार्थकी लागतो.

वजनाचा अंदाज घ्या. लाल मातीची १२ इंची मातीची कुंडी ओली असताना २५ किलोच्या आसपास जाते. अनंत, बोगनवेल आणि ब्रह्मकमळ वगळून उरलेल्या २८ कुंड्या एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसतात, पण एकावर एक नाही. खाली गोणपाट, दोन कुंड्यांच्या मध्ये पेंढा किंवा जुनी गादी, नाहीतर घाटात आपटून काठ उडतात. मातीची कुंडी काठाला धरून उचलू नका, बुडाखाली हात घाला. टेम्पो उघडा असेल तर वरून हिरवी शेडनेट बांधायची. दोन तास ७० च्या वेगाचा वारा म्हणजे फर्न करपलाच. निघायचं आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

पाणी निघायच्या १२ तास आधी. चढवताना ओतलं तर हॉलच्या गालिच्यावर लाल ओघळ येतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवीच. बाहेरून घंगाळ किंवा वेताची टोपली छान दिसते, पण आत एक वीट ठेवा, कुंडीचं बूड पाण्यात राहता कामा नये.

एसीचा झोत जिथे पडतो तिथे फर्न नको. हॅलोजन लावणार असतील तर पानांपासून चार फूट तरी लांब. होमापासून सहा फूट.

वाडा_सातारा
खूप उपयोगी. अक्षता कुंड्यांत पडतील, त्याचं काय करायचं?

परसदार
गोणपाटाचे गोल तुकडे कापून, खोडाशी चीर देऊन मातीवर अंथरा. कार्य झालं की तुकडा अक्षतांसकट उचलायचा. कुंकवाचे ओले तांदूळ मातीत राहिले तर दोन दिवसांत आंबतात, बुरशी आणि मुंग्या येतात. पोरं उरलेलं सरबतही कुंडीतच ओततात, तेही गोणपाटावर बऱ्यापैकी अडतं.

क्रोटनबद्दल कोणी लिहिलं नाही. हा सगळ्यांत रुसका. कडक उन्हातून थेट एसीत नेला की खालची पानं टाकतो. लग्नाआधी दहा दिवस त्याला अर्धसावलीत आणा. त्याचा चीक अंगाला खाजतो, शिवाय लहान मुलांनी चघळू नये, म्हणून स्टेजवर मागच्या बाजूला ठेवा.

झाडं पिढ्यानपिढ्यांची आहेत तर एखादं दगावलं तर म्हणून जोडीची रोपं आधी तयार ठेवा. मार्चच्या छाटणीतल्या मोगऱ्याच्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, सहा इंची, तीन-चार डोळ्यांच्या काड्या वाळू-माती निम्मी-निम्मी घेऊन सावलीत लावा. मेपर्यंत मुळं सुटतील, पण मुळांनी माती घट्ट धरलेली नसेल. पाहुण्यांना वाटायची घाई नको, पावसाळ्यात द्या. स्नेक प्लांटचं मात्र पान तोडून लावू नका. पिवळा काठ जातो, नवीन रोप सगळं हिरवं येतं. मुळांसकट गड्डा फोडूनच वेगळं करा. फर्नचंही तसंच, गड्डा फोडून.

गच्चीवाली
परत आणल्यावर लगेच गच्चीत मांडू नका, मेचं ऊन आहे. चार-पाच दिवस सावली, मग सकाळचं ऊन. आठवडाभर खत नाही. मोगऱ्याची खालची दोन-चार पानं पिवळी पडतील, त्याची काळजी नको. शेंडा मलूल पडला तर मात्र आधी माती बोटभर खोल चाचपून बघा. बहुतेक वेळा ओली सापडते आणि लोक वरून अजून पाणी ओततात.

मांडवकर
भाड्याचे पाम न्यायला नर्सरीचा टेम्पो रात्री साडेअकराला येतो आणि पोरं दिसेल ती कुंडी चढवतात. घरच्या प्रत्येक कुंडीच्या काठाखाली लाल दोरा बांधा आणि आकडा हॉलच्या मॅनेजरकडे लिहून ठेवा : मोगरा ८, क्रोटन ५, स्नेक प्लांट ५, शतावरी ४, फर्न ६.