बंदी उठली, आता बांगड्याचं काय करू?

घरचा ग्रुप. शुक्रवार, ३१ जुलै, संध्याकाळ

मी: सगळ्यांना एक विचारायचंय. व्हेगन का झालीस हे विचारू नका, तो वाद मार्चमध्ये इथेच झालाय आणि त्यात मोठे काका दोनदा ग्रुप सोडून गेलेत. पाच महिने मासे, अंडं, दूध, दही, तूप बंद आहे. जून-जुलै सोपे गेले. ६१ दिवस मासेमारी बंद, बाजारात बर्फातली मासळी, दर ऐकून बाबाच रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. आज मध्यरात्री बंदी संपते. श्रावण लागायला अजून दोन आठवडे आहेत. म्हणजे घरात आणि खालच्या मजल्यावर पंधरा दिवस नुसते बांगडे. वास आला की तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू? उपाय सांगा. उपदेश नको.

मोठे काका, फोंडा: उपाय एकच. बांगडो खा.

मोठे काका, फोंडा: आमच्या वेळी वॅगन म्हटलं की मुरगावच्या बंदरात खनिज घेऊन जाणारी वॅगन. आता ती घरात आली.

दादा, पुणे: 😂 काका, पुन्हा ग्रुप सोडू नका म्हणजे झालं.

मावशी, मडगाव: बाय, मुळात आपल्याकडे बिनमासळीचं शिवराक जेवण काय नवीन आहे का? सोमवार पाळतो, श्रावण पाळतो, चतुर्थीला तर आठवडाभर नुस्त्याचं, मासळीचं नाव नाही. महिनाभर जमतं ते पुढेही जमेल.

मी: मावशी, तिथेच तर अडतं. श्रावणात मासे सोडले की त्यांच्या जागी दही, ताक, तूप येतं. माझ्याकडे तेही नाही. शिवाय श्रावण संपणार हे माहीत असतं, म्हणून महिना निघतो. माझ्या कॅलेंडरात चतुर्थीनंतरचं नुस्तं नाही.

आई: मला एक सांगायचं होतं. रागावू नकोस.

आई: एप्रिलमध्ये तुझ्या वरणात थोडं तूप घालत होते. फार अशक्त दिसत होतीस.

मी: आई!!!!

बाबा: मी नको म्हटलं होतं.

मोठे काका, फोंडा: 👏👏👏

मी: ठीक आहे, मग मीही सांगते. मे महिन्यात गच्चीवर पावसाळ्याच्या बेगमीची सुंगटं (कोळंबी) वाळत घातली होती ना, मला राखण करायला बसवलं होतं. मी चार तोंडात टाकली. मग आणखी चार. कावळ्यांवर ढकललं.

आई: मला वाटलंच. कावळा इतक्या सफाईने डोकं मोडत नाही.

वहिनी, पणजी: चार सुंगटांनी काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं. मला काळजी वेगळीच आहे. बी१२ चं काय करतेस?

मी: पालक खाते. आणि स्पिरुलिनाची पावडर.

वहिनी, पणजी: दोन्हींचा त्यासाठी उपयोग नाही. रोज फार्मसीच्या काउंटरवर हेच समजावत असते, म्हणून जरा लांबण लावते. बी१२ झाडं तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत, ते जिवाणू करतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते करतात म्हणून दुधात उतरतं. समुद्रातही जिवाणूंपासून सुरू होऊन खाणाऱ्याला खाणारा असं करत ते बांगड्यापर्यंत पोचतं. स्पिरुलिनात जे सापडतं त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरताच येत नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे नखावर दिसणार नाही इतकी. पण ती भागलीच पाहिजे. यकृतात साठा असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं कधीकधी काहीच जाणवत नाही, आणि मग हातापायांना मुंग्या येतात. तोवर नसांचं नुकसान सुरू झालेलं असतं. तेव्हा गोळी घ्यायचीच. किती आणि कशी ते रक्त तपासून डॉक्टरांना विचार. आणि फक्त हिलाच सांगत नाहीये. जन्मभर शाकाहारी असलेल्या पुष्कळ लोकांचंही बी१२ कमी निघतं. मावशी, तुम्हीसुद्धा.

मावशी, मडगाव: मी ताक पिते की गो.

वहिनी, पणजी: तरीही तपासा.

वहिनी, पणजी: अजून एक. आयोडीन आपल्याला मासळीतून बरंच मिळत होतं. आता ते सैंधव-बिंधव सोड आणि साधं आयोडीनयुक्त मीठ वापर. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आसपास. अर्थात शंभर ग्रॅम नाचणी म्हणजे भाकऱ्याच, पेलाभर दुधासारखी ती गटकन संपत नाही.

दादा, पुणे: खावंसं वाटण्याबद्दल थोडं वाचलंय. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. मासळीत तीच चव असते, सुक्या मासळीत तर जास्तच. ती टोमॅटोत आणि सुकवलेल्या मशरूममध्येही मिळते. इथे सुशीवाल्यांकडे नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागद मिळतात. भाजून, चुरून रव्यात मिसळ आणि त्यात नीरफणसाचे काप घोळवून खोबरेल तेलात तळ. समुद्राचा वास येतो. मी पाठवतो.

मोठे काका, फोंडा: म्हणजे मासे सोडून मासे खातात ते गवत खायचं.

दादा, पुणे: काका, थेट उत्पादकाकडून. मधला दलाल नको.

आत्या, म्हापसा: आता मी बोलते. आज शुक्रवार, दिवसभर बाजारात होते, आत्ता मोबाईल हातात घेतला. तुम्ही लोक गोळ्या आणि कागद काय सांगत बसलात. बाय, तू मला आधी सांग, तुला नेमकं काय आठवतं? बांगड्याचं मांस की त्याचं हुमण, नारळाचा रस्सा?

मी: म्हणजे?

आत्या, म्हापसा: डोळे मिटून सांग.

मी: वास. तेफळाचा (तिरफळाचा). आणि आंबट. आणि दुसऱ्या दिवशी आटवलेल्या हुमणात भाताचं शीत कालवलेलं.

आत्या, म्हापसा: बघ. त्यात बांगडो कुठे आहे? नारळ, मिरची, सोलं, तेफळ. सगळी झाडाचीच. नुसता उकडलेला बांगडा मीठ घालून दिला तर तू दोन घास खाशील का? तू ज्याला मासे म्हणतेस ते बहुतेक आमचं वाटण आहे. आता उडमेथी घे. बांगड्याची उडमेथी सगळ्यांना ठाऊक. पण शिवराक दिवशी आमची आई तीच अंबाडे, ती आंबट फळं, घालून करायची. उडदाची डाळ आणि मेथी तेलावर लाल करायची, मेथी मोजकी, नाहीतर कडू होते. खोबरं, सुकी मिरची, हळद घालून गंध वाटतो तसं वाटायचं. अंबाडे चेचून गुळासकट शिजवायचे, वाटण लावायचं, वर राई-मेथीची फोडणी. उडमेथीत तेफळ नाही हं. तेफळ हवं तर भाज्यांचं खतखतं कर. बी काढून टाकायचं, साल तेवढी चेचायची, वाटायची नाही. उतरवताना घालायची. आणि किसमूर सुंगटांचीच लागते असं कुणी सांगितलं? कारल्याच्या चकत्या कुरकुरीत तळून, चुरून, कांदा-खोबऱ्यात घाल. जेवायला बसल्यावरच कालवायची, आधी कालवली तर चामडं होतं.

वहिनी, पणजी: आत्या, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवा.

मी: आत्या, पण दुधाचा चहा? खरं सांगू, बांगड्यापेक्षा तो कठीण जातोय. सोया दूध घातलं की फाटतं.

मावशी, मडगाव: चहा थोडा निवू दे, आणि दूध वेगळं गरम करून मग घाल. थंड दूध उकळत्या चहात ओतलं की फाटणारच. नाहीतर सोया सोड. गोव्यात राहून काजू सोडून सोया पितेस? तुकडा काजू रात्रभर भिजत घाल आणि सकाळी पाण्यात बारीक वाट, गाळायचीही गरज नाही. आमच्या शेजारणीला दूध पचत नाही, ती तेच घालते. मी प्यालेय. वाईट नाही. चांगलाही नाही. चौथ्या दिवशी कळेनासं होतं.

दादा, पुणे: आणि बिस्किटांवरचा हिरवा ठिपका बघून फसू नकोस. दूध पावडर असली तरी ठिपका हिरवाच असतो. व्हेगनचं चिन्ह वेगळं, इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. २०२२ मध्ये त्याचे नियम आलेत.

मी: चतुर्थीचं काय करू? पातोळ्या चालतील, मणगणं तर नारळाच्या रसातलंच. पण पंचामृत? दूध, दही, तूप, मध, चारही माझ्या यादीतले.

बाबा: साखर उरली.

आत्या, म्हापसा: हातावर घे, डोळ्यांना लाव. देव चमचे मोजत नाही. रविवारी इकडे ये. अंबाडे आजच आणलेत.

रविवार, २ ऑगस्ट, रात्र

मी: आत्याकडून आत्ताच परतले. अहवाल देते. उडमेथी: शीत दोनदा घेतलं. किसमूर: सुंगटांची नाही, हे जिभेला लगेच कळतं. पण वाडग्यात काही उरलं नाही. नोरीचे काप: दादा, आत्याच्या मांजरीने पळवले.

दादा, पुणे: याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मोठे काका, फोंडा: आणि बांगडो? आठवला का नाही?

मी: आठवला, काका. शेजारच्या घरात तळत होते. पण एक गंमत झाली. सगळ्यांचं जेवण झालं तरी मी आणि आत्या ताटावरच, हात सुकले तरी अंबाड्याचे बाठे चोखत. धागे दातांत अडकतात, सोडवत बसायचं आणि बोलत राहायचं. लहानपणी बाबांबरोबर काटे काढत तशीच बसायचे. मला वाटायचं मी माशासाठी बसते.

बाबा: तू तेव्हाही शेवटी उठायचीस.

आई: आणि ताट तसंच ठेवून जायचीस.

मोठे काका, फोंडा: बाठे चोखायला मीही येतो. पण माझं ताट वेगळं.

आत्या, म्हापसा: ये रे. तुझा बांगडो तूच घेऊन ये आणि तूच साफ कर. आणि बाय, पुढच्या वेळी येताना तेफळं आण, इथे बाजारात गेल्या वर्षीची विकतात.