मदत हवी आहे: एकेक बिट मोजणारा प्रोसेसर खरंच वीज वाचवतो का?

नमस्कार मंडळी. कुंडीतल्या मातीचा ओलावा तासातासाला मोजणारं, बटण सेलवर चालणारं यंत्र करतोय. १९४८ च्या मँचेस्टर बेबी या सुरुवातीच्या संगणकाबद्दल वाचलं: शब्द (एकत्र हाताळायची संख्या) ३२ बिटांचा, पण गणित एकेका बिटाने, तेही फक्त वजाबाकी! व्हॉल्व्ह (तेव्हाच्या निर्वात नळ्या) वाचवायची काटकसर. आजचा ‘सर्व्ह’ हा रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा कोअरही (प्रोसेसरचा गाभा) तसाच, एका सूचनेला किमान ३२ क्लॉक ठोके. गेट कमी म्हणजे नुसतं बसून वाया जाणाऱ्या विजेची गळती कमी, हे पटतं. पण काम लांबलं की फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) हलवण्यातच सेल संपेल ना? मग झटपट काम उरकून झोपणारा ३२ बिटी कोअर बरा, की ही गोगलगाय? सध्या एफपीजीएवरच (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) आहे. तिथलं मोजमाप खास बनवलेल्या चिपला कितपत लागू पडेल? कोणी मीटर लावून पाहिलंय का?