मदत हवी आहे: लपून बसणाऱ्या कीहोल सिक्लिडना सोबत म्हणून कोणते टेट्रा (घोळक्याने राहणारे छोटे मासे) आणावेत?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सात महिन्यांपासून चार कीहोल सिक्लिड आहेत. मासे गुणी आहेत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण इतके भित्रे, की घरी आलेला माणूस टँकसमोर उभा राहून विचारतो, "यात मासे कुठे आहेत?"

आधी टँकची माहिती देते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटर. तापमान २६ अंश, पीएच ६.८, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलते. खाली बारीक वाळू, दोन मोठी ड्रिफ्टवुडं म्हणजे लाकडाचे ओंडके, त्यांवर बांधलेलं अ‍ॅनुबियास आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची दाट रांग. या चौघांशिवाय टँकमध्ये दुसरा एकही मासा नाही.

आजारपण नसावं. मी खोलीबाहेर गेले की खाल्लेलं कळतं, पोट खपाटीला गेलेलं नाही, श्वास शांत आहे. प्रश्न निव्वळ भीतीचा आहे. काल अर्धा तास जमिनीवर बसून न हलता बघत होते. पंधराएक मिनिटांनी लाकडाखालून एक तोंड बाहेर आलं. अंग छान फिकट मधाळ रंगाचं, बाजूवरचा कुलपाच्या भोकासारखा ठिपका ठळक. दाणा त्याच्या समोरून हळूहळू खाली येत होता, तो पुढे सरकला, आणि तेवढ्यात मी मांडी बदलली. डोळ्यावरची उभी पट्टी क्षणात काळी झाली, सगळ्या अंगावर तपकिरी डाग उमटले आणि मासा सुक्या पानासारखा लाकडाला चिकटून राहिला. दाणा वाळूत पडला तो पडलाच. मला फार वाईट वाटलं. दिवसभर असं धास्तावून जगायचं म्हणजे काय हाल असतील त्याचे!

वाचून एवढं समजलं की अशा माशांना डिथर फिशची गरज असते. छोटे मासे उघड्यावर निवांत फिरताना दिसले की सिक्लिड समजतात, वर बगळा नाही, जवळ मोठा मासा नाही, आपणही बाहेर पडावं. रिकामं पाणी त्यांना शांत वाटत नाही, उलट सगळे कशाला तरी घाबरून पळाले असं वाटतं. हे वाचल्यावर चूक लक्षात आली. त्यांना त्रास नको म्हणून मीच त्यांना एकटं ठेवलं होतं.

खरं तर तीन महिन्यांपूर्वी एक प्रयत्न केला होता. दुकानात "शांत असतात" म्हणून सांगितले म्हणून पाच सर्पे टेट्रा आणले. आठवड्याभरात कीहोलच्या पाठीवरच्या पराची लांब टोकं कुरतडलेली दिसली. सर्पे परत केले, पर भरून आले, पण मासे पूर्वीपेक्षा जास्त बुजले. त्यामुळे आता चूक परवडणार नाही.

माझ्या डोक्यात आहेत ते असे. रमीनोज, कारण झुंडीने पोहणारा टेट्रा म्हटलं की तोच आठवतो. लेमन टेट्रा. डायमंड टेट्रा. कार्डिनल फार आवडतात, पण मोठा कीहोल चार इंचांचा होतो, त्याच्या तोंडात मावतील का? ब्लॅक स्कर्टही पर कुरतडतात म्हणून ते बाद केले आहेत. ब्युनोस आयर्स टेट्रा वनस्पती खातात, तेही नकोत.

दोन प्रकारचे सहा-सहा घ्यावेत की एकाच प्रकारचे बारा? आणि कीहोलमधली दोन जण गेले काही दिवस एक सपाट दगड तोंडाने साफ करताना दिसतात. अंडी घातली तर टेट्रा पिल्लं खातील का?

प्रतिसाद

सर्पेंनी केलं ते स्वभावानुसारच. त्यात संख्या पाच, म्हणजे आपसातली भांडणं आपसात जिरली नाहीत आणि बाहेर निघाली. लांब पर असलेल्या संथ माशाबरोबर ते ठेवूच नयेत.

एकाच प्रकारचे बारा घ्या. सहा-सहा घेतलेत तर दोन अर्धवट घोळके होतील आणि दोन्ही बिचकलेले राहतील. घाबरलेला डिथर नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो कोपऱ्यात दबला की कीहोलना धोक्याची खात्रीच पटते.

रमीनोजबद्दल एक सांगतो. त्यांची घट्ट झुंड बघायला सुंदर दिसते, पण बहुतेक टेट्रा एकमेकांना बिलगतात ते भीतीने. निर्धास्त असले की पसरतात, एखादा इकडे, एखादा तिकडे, मध्येच दोन नर पर फुलवून समोरासमोर. कीहोलना दिसायला हवं ते हे पसरणं. रमीनोज निर्धास्त असतानाही झुंडीनेच फिरतात, आणि नवीन असताना फार बुजरे असतात. नाकावरचा लाल रंग फिका पडला की त्यांना काहीतरी सोसत नाही हे मात्र लगेच कळतं. तुमचं पाणी त्यांना चालेल. तरी तुमच्या जागी मी असतो तर लेमन घेतले असते. अंगाने उंच, दीड इंचाच्या आसपास, धीट, टँकच्या मधल्या भागात फिरणारे. डायमंडही चांगले, फक्त ते अडीच इंचांपर्यंत जातात आणि खाण्यावर तुटून पडतात. कीहोल संथ खाणारा, त्याच्या वाट्याला काही उरायला हवं.

कीहोल कार्डिनलच्या मागे लागणारा मासा नाही. पण पूर्ण वाढलेल्या कीहोलसमोर अगदी लहान कार्डिनल सोडू नका. घ्यायचेच तर वाढलेले घ्या.

गयानाच्या बाजूचा पेन्सिलफिशही विचारात घ्या, टेट्रा नसला तरी. तो वरच्या थरात संथ तरंगतो, आणि कीहोलही मूळचा गयानाच्याच भागातला. वरचा थर भरलेला असला की सिक्लिडना डोक्यावर छप्पर असल्यासारखं वाटतं. झाकण मात्र नीट बसणारं हवं.

पिल्लांचं म्हणाल तर टेट्रा खातील, सगळी वाचणार नाहीत. पण समोर थोडा धोका असला की आई-बाप एकजुटीने राखण करतात. एकट्या टँकमध्ये तीच जोडी कधी कधी एकमेकांवर उलटते. पिल्लं वाढवायचीच असतील तर दुसरा टँक तयार ठेवा.

आणि लपायच्या जागा कमी करू नका. "बाहेर येत नाहीत" म्हणून लोक लाकडं काढून टाकतात. पळायला जागा दोन हात अंतरावर आहे हे माहीत असलेला मासाच उघड्यावर येतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. लाकडं काढायचा विचार खरंच मनात आला होता, तो सोडला. बारा लेमन घेते. उपयोगी जिवाणू धरावेत म्हणून एक जुना स्पंज मुख्य फिल्टरमध्ये ठेवला आहे, तो वेगळ्या टँकमध्ये लावून नव्या माशांना तिथे चार आठवडे क्वारंटाईन करीन.

एक शंका उरली. बाराही एकदम सोडू की सहा-सहा करून? एकदम सोडले तर फिल्टरवरचा भार अचानक वाढेल, आणि सहाच सोडले तर तेच बिचकून कोपरा धरतील अशी भीती वाटते. आणि सोडताना दिवा बंद ठेवू का? कोणी असं केलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस कीहोल कसे वागले तेही सांगा.