रेझर-रिपोर्ट चालवणारे आम्ही हौशी म्हातारे नाही

पर्लवाला_नाशिक
परवा इथेच एकाने ठोकून दिलं की रेझर-पायझर ही स्पॅम पकडणारी टूल्स टर्मिनलवरनं, म्हणजे कमांड टाइप करून, चालवणं ही जुन्या लोकांची हौस आहे, वेबमेलात स्पॅम नोंदवायचं बटण आहे ते दाबा आणि मोकळे व्हा. दोन दिवस गप्प होतो, आता लिहितोच. बटण दाबल्यावर तक्रार कुठे जाते, तिला किती वजन मिळतं, चुकून दाबलं तर मागे कशी घ्यायची, काय कळतं तुम्हाला? विपुल वेद प्रकाश यांनी रेझर काढलं त्यामागचा विचार एकदम सरळ होता. तोच स्पॅम लाखो लोकांना जातो, मग पहिल्या काही जणांनी ओळखल्यावर बाकीच्यांनी तो परत का चाळत बसायचा? रेझर-चेक मेलची सही, म्हणजे मजकुरावरून बनवलेला छोटा ठसा, काढतं आणि सर्व्हरला विचारतं, ही कुणी नोंदवलीय का, बस. चेक करायला नोंदणीसुद्धा लागत नाही. रिपोर्ट करायला लागते, आणि ते बरोबरच आहे, कारण तुमच्या तक्रारी इतर भरवशाच्या लोकांशी जुळत गेल्या तर तुमचा शब्द जड होतो, नाहीतर हलका होतो. गावातसुद्धा असंच चालतं, ऊठसूट कागाळ्या करणाऱ्याचं कोण ऐकतं?

रूट_सदाशिवपेठ
तो परवाचा मीच. आणि माझं मत तेच आहे. रेझर-चेक स्पॅम असेल तर निकालाचा कोड ० देतं, नसेल तर १. शेलमध्ये, म्हणजे कमांड जिथे चालतात तिथे, ० म्हणजे सगळं ठीक हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. मी एका ऑफिसचा मेलसर्व्हर सांभाळायचो, घाईत स्क्रिप्ट लिहिली, ० आलं तर इनबॉक्स, बाकी सगळं जंक. तीन दिवस त्यांच्या टेंडरचे मेल जंकमध्ये पडून आणि स्पॅम मात्र थेट साहेबांच्या समोर. त्या तीन दिवसांत मी काय ऐकून घेतलं ते मला माहीत. दुसरं, रेझरच्या क्लायंटचा, म्हणजे आपल्या मशीनवरच्या भागाचा, कोड ओपन आहे म्हणून तुम्ही नाचता, सर्व्हरचा कोड कुठाय? तो क्लाउडमार्ककडे होता, २०१७ मध्ये ती कंपनी प्रूफपॉइंटने घेतली. फुकट मेहनत लोकांची आणि तक्रारींची वही दुसऱ्याच्या कपाटात.

पर्लवाला_नाशिक
शब्द शोधणारी ग्रेप कमांड पण सापडलं की ० च देतं, त्याला कोणी उलटं म्हणत नाही. मॅनपेजमध्ये, म्हणजे टूलच्या माहितीपानात, स्वच्छ लिहिलंय, २ किंवा वर आलं तर एरर हेही. न वाचता चालू सर्व्हरवर टाकलंत, त्याला टूल काय करणार? सर्व्हरचं मात्र खरं आहे. मान्य, मलाही ते खुपतं. म्हणून मी पायझरपण चालवतो, त्याचा सर्व्हर तुम्ही स्वतः उभा करू शकता.

अंकाची_ताई
तुमचं चाललंय ते चालू द्या, पण मला इथे माझं दुःख सांगू द्या. आम्ही चारजणी मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो आणि महिन्यातून एकदा पत्र पाठवतो, ज्यांनी स्वतः नाव दिलंय फक्त त्यांना. दोन वर्षांपूर्वी अचानक पत्रं स्पॅममध्ये जायला लागली. शोधता शोधता कळलं की आमच्याच काही वाचकांनी नाव काढून घ्यायच्या ऐवजी स्पॅम म्हणून नोंदवलं. अंकाची नोंदणी अर्ध्यावर आली त्या वर्षी. "लोकांनी ओळखलं" म्हणता, ओळखणारे लोक असे आहेत!

इनबॉक्स_शून्य
मला नको असलेला मेल म्हणजे स्पॅम. नाव कधी दिलं होतं ते दहा वर्षांनी कोणाला आठवतं. मी रविवारी अख्खं जंक फोल्डर रेझर-रिपोर्टला देतो, सगळे मेल एकत्र असलेली एमबॉक्स फाइल एका दमात जाते, ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ.

अंकाची_ताई
म्हणजे न वाचता?? तुमच्या एका ओळीमुळे माझ्या मैत्रिणीने रात्र जागून लिहिलेलं पत्र कचऱ्यात जातं, याचं काही वाटत नाही का हो तुम्हाला?

पर्लवाला_नाशिक
ताईंचं शंभर टक्के बरोबर. इनबॉक्सराव, जंक फोल्डर भरतं कोण, तर मशीन. मशीनचं मत माणसाचं म्हणून तुम्ही परत मशीनलाच सांगताय. असले रिपोर्ट करणाऱ्यांमुळेच ही सगळी व्यवस्था नासते. रिपोर्ट हाताने, मेल डोळ्याने बघून करायचा, एवढं जमत नसेल तर नुसतं चेक वापरा.

इनबॉक्स_शून्य
आवाज खाली. दिवसाला दोनशे मेल येतात मला, बघत बसायला मी रिकामा नाही. आणि नाव काढायची लिंक शोधायला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागतं, त्याचं काय? एकदा लिंक दाबली तर पासवर्ड मागितला, कोणता पासवर्ड?

रूट_सदाशिवपेठ
हेच मी म्हणत होतो. डीसीसी हे तसलंच तिसरं टूल निदान प्रामाणिक आहे, ते स्पॅम म्हणतच नाही, हा मेल किती ठिकाणी पोचला एवढंच मोजतं. ताईंचं पत्र तिथेही घाऊक मेल म्हणूनच दिसेल, पण तुम्ही ते व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे न अडवायच्या यादीत, टाकायचं हे आधीच ठरलेलं असतं. कोणाच्या चारित्र्यावर शिंतोडे नाहीत.

मेल_देवनागरी
मराठीचं कोणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो. पायझर मजकुराच्या २० आणि ६० टक्क्यांपासून तीन-तीन ओळी घेऊन सही करतं, आणि त्याआधी दहा किंवा जास्त कॅरॅक्टरचे सलग शब्द गाळतं. इंग्रजीत ठीक आहे. आता "महाराष्ट्रातील" मोजा, काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरून १४ होतात, गेला शब्द! "पर्यावरणविषयक" गेला. वरून आठ कॅरॅक्टरपेक्षा छोट्या उरलेल्या ओळीही जातात. आपल्या पत्रातलं नेमकं मराठी तेच गाळून उरलेल्या चिंध्यांची सही होते. आणि बाबा नुसता नातवाचा फोटो पाठवतात, मजकूर काहीच नाही, तर रिकाम्या मजकुराची सही सगळ्यांची एकच, त्यांचा मेल पकडला गेला होता माझ्याकडे. ते आठवडाभर विचारत होते फोटो बघितलास का.

पर्लवाला_नाशिक
हे मला माहीत नव्हतं, आजच कोड उघडून बघतो. पण शिव्या द्यायच्या आधी एक सांगा, मराठीतला कर्जाचा आणि प्लॉटचा स्पॅम कोणी नोंदवतं का? नोंदवणारेच नसतील तर वहीत सापडणार कसा. पायझरला व्हाइटलिस्ट कमांड आहे, रेझरला हा स्पॅम नाही असं कळवणारं रिव्होक आहे. ताई, तुमच्या वाचकांपैकी जे कोणी रेझर वापरतात त्यांना पत्र रेझर-रिव्होकला द्यायला सांगा, एकाने नाही, पाच-सहाजणांनी.

अंकाची_ताई
माझे वाचक निवृत्त शिक्षिका आहेत हो, टर्मिनल कुठलं त्यांना. माझा भाचा करतो म्हणतोय, त्याच्याकडे पत्र येतं.

इनबॉक्स_शून्य
क्रॉनची ओळ काढली. हाताने बघेन, पण रोज नाही, आठवड्याला. आणि ताई, नाव काढायची लिंक पहिल्या ओळीत द्या, मोठ्या अक्षरात. पासवर्ड मागितलात तर परत नोंदवणार.

अंकाची_ताई
या महिन्याच्या पत्रात देते पहिल्या ओळीत. पासवर्ड आम्ही कधीच मागितला नाही, तो दुसऱ्या कोणाचा असेल.