लहान होडी आणि गिलनेटवर टिकून राहावं, की मोठ्या बोटीत भागी घ्यावी? वहीतले आकडे टाकतोय, जाणकारांनी सांगा

तळाशीलची_होडी

नमस्कार मंडळी.

मी मालवण तालुक्यातल्या तळाशीलचा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर आमची घरं. पाच वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले, तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून मी होडीवर आलो. फायबरची होडी आहे, 9.9 एचपीचं आउटबोर्ड इंजिन, मी आणि दोन खलाशी. दोघंही गावातलेच, त्यातला एक माझ्या वर्गात होता. जाळी सगळी गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखी उभी राहणारी. बांगड्याची वेगळी, सारंग्याची (पापलेट) वेगळी, इसवणाची (सुरमई) वेगळी.

बाबा हिशेब डोक्यात ठेवायचे. मी पहिल्या दिवसापासून वही घातली. गेल्या मोसमात, म्हणजे नारळी पौर्णिमेपासून 31 मेपर्यंत, 128 फेऱ्या झाल्या. विक्री 7 लाख 42 हजार. पेट्रोल 1 लाख 86 हजार, बर्फ 31 हजार. हे दोन्ही वजा करून उरलेल्याचे आमच्याकडे दोन भाग होतात, अर्धा होडी-जाळ्यांचा आणि अर्धा माणसांचा. माणसांचा भाग तिघांत. म्हणजे प्रत्येकाला साडेसत्त्याऐंशी हजार. होडीच्या भागातून जाळी 94 हजार (केंड माशाने एका रात्रीत दोन जाळ्यांची चाळण केली, ती धरून) आणि इंजिनाचं काम 38 हजार. सगळं मिळून माझ्या घरात 2 लाख 18 हजार आले. माझ्या खलाशांच्या घरात साडेसत्त्याऐंशी हजारच, आणि ती गोष्ट मला माझ्या आकड्यापेक्षा जास्त लागते.

वही उलटसुलट वाचताना दोन गोष्टी दिसल्या. 128 पैकी 41 फेऱ्यांत पेट्रोलसुद्धा सुटलं नाही. आणि फक्त 11 फेऱ्यांनी 2 लाख 60 हजार दिले. त्या अकराही फेऱ्या सारंग्याच्या नाहीतर इसवणाच्या, बांगड्याची एकही नाही.

आणखी एक गोष्ट उचलीची, म्हणजे व्यापाऱ्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशांची. इंजिन घेताना बाबांनी एका व्यापाऱ्याकडून 80 हजार उचलले होते. तो व्याज घेत नाही, म्हणून घरात त्याच्याबद्दल चांगलंच बोललं जायचं. पण उचल फिटेपर्यंत इसवण आणि सारंगा त्यालाच घालायचा आणि दर तो ठरवणार. मी मोसमभर बंदरावरच्या लिलावाचा दर शेजारच्या रकान्यात लिहीत गेलो. इसवण 212 किलो, किलोमागे 120 रुपये कमी. सारंगा 96 किलो, किलोमागे 150 कमी. बेरीज 39,840 रुपये. ऐंशी हजारांवर एका मोसमात चाळीस हजार गेले आणि उचल तशीच उभी आहे. ही बेरीज मी बाबांना दाखवली. ते बराच वेळ वही हातात धरून बसले होते.

आता मूळ प्रश्न. माझा चुलत भाऊ मिनी पर्ससीन बोटीत (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणारं जाळं) भागी घे म्हणतोय. मी 6 लाख घालायचे, त्यासाठी होडी आणि इंजिन विकायचं. तो म्हणतो, लहान होडीचे दिवस संपले. रात्री बाहेरचे हायस्पीड ट्रॉलर आत येऊन जाळी फाडून नेतात, माझीही नेली आहेत, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच खोटं म्हणवत नाही. पण आमच्या किनाऱ्यावर पर्ससीनला होणारा विरोध मी लहानपणापासून पाहिलाय. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढणाऱ्या माणसांच्या वाकलेल्या पाठी पाहिल्यात. त्यांच्या समोर ते जाळं घेऊन उतरणं मला जमेलसं वाटत नाही.

अजून एक. सप्टेंबरात शेजारच्या होडीत बारक्या आसाच्या, म्हणजे बारक्या भोकांच्या, जाळ्यात चाळीस किलो सारंग्याची पिल्लं आली. एका किलोत पंधरा-सोळा बसत होती. दोनशे रुपये किलोने गेली. आम्ही गावातल्या सात-आठ होड्यांनी ठरवतोय की खाडीच्या तोंडाशी आणि सारंग्यासाठी लहान आस वापरायचाच नाही. अशा गावच्या नियमाने खरंच काही होतं का? की आपण सोडलेला मासा दुसरा कोणी घेऊन जातो?

लहान होडीच ठेवायची तर नेमकं काय बदलावं, ते सांगा.

रत्नागिरी_खारवी

भावा, सहा लाख घालू नकोस. मी नऊ वर्षं पर्ससीनमध्ये भागीदार होतो, म्हणून सांगतो.

राज्याच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढेच चार महिने आहेत. नवे परवाने द्यायचे नाहीत, असलेले कमी करत न्यायचे, हेही त्यातच आहे. म्हणजे तुझा भाऊ ज्या बोटीबद्दल बोलतोय तिचा परवाना नक्की कशाचा आहे, तो कागद आधी हातात घे. बिनपरवाना असेल तर 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर दंड लाखांत जातो आणि तो भागीदारांच्याच खिशातून जातो. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने असतो. तिथेच लोक चुकतात, मग उरलेले आठ महिने भागवायला चोरून जातात, मासा ओढायला एलईडी दिवे लावतात. एलईडीवर केंद्राची नोव्हेंबर 2017 पासून बंदी आहे, तरी हप्ता माणसाला तिकडे ढकलतो. मी ढकलला गेलो होतो. त्या दोन मोसमांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

आणि मासा मिळाला म्हणजे पैसा मिळाला असं नाही. एका रात्री आम्हाला आठ टन तारली लागली. बंदरात आलो तर आमच्यासारख्या आणखी सहा बोटी. खायला कोण घेणार एवढी? फिशमीलला, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याला गेली, 22 रुपये किलो. पंचवीस माणसांचे वाटे, डिझेल, बर्फ, सगळं काढल्यावर माझ्या हातात त्या रात्रीचे चार हजार आले. तुझ्या इसवणाच्या एका फेरीत याहून जास्त येतात.

मी आता दोन सिलिंडरच्या लहान बोटीवर आहे. तिचा डिझेल परतावा मच्छीमार संस्थेमार्फत मिळतो, उशिरा मिळतो पण मिळतो. तुझ्या 41 तोट्याच्या फेऱ्या कोणत्या तिथीच्या होत्या ते वहीत बघ. आमच्याकडे भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी मेलेलं असतं, त्यात अमुक जाळं चालतच नाही हे मला हिशेब लिहायला लागल्यावर कळलं. आता मी ते दिवस जाळी विणायला ठेवतो. फेऱ्या तीस कमी झाल्या, पैसे कमी झाले नाहीत.

कुडाळ_बाजार

मुलगी टाइप करतेय, बोलतेय मी. बावीस वर्षं बाजारात मासे विकतेय.

बाळा, तू बर्फाला 31 हजार घातलेस, फेरीमागे अडीचशे रुपयेही नाहीत. तिथे वाचवलेले पैसे तू माझ्याकडे हरतोस. होडीवर मासा जाळ्यातून काढला की फळीवर उन्हात पडून राहतो, किनाऱ्याला आल्यावर मग बर्फ. कुडाळला माझ्यापर्यंत येईस्तोवर दहा वाजतात. गिऱ्हाईक आधी कल्ला उघडून बघतं, मग बोटाने दाबून बघतं. कल्ला तपकिरी झाला की सातशेचं इसवण पाचशेला मागतात, आणि मी देते, कारण संध्याकाळी ते तीनशेलाही जाणार नाही.

बर्फ होडीवर घेऊन जा. जितका मासा, तितका बर्फ, किलोला किलो. लादी बारीक फोडून घे, मोठे तुकडे माशाला टोचतात. खाली थर, वर थर, आणि खोक्याला पाणी जायला भोक ठेव, वितळलेल्या पाण्यात मासा बसला की मऊ पडतो. सारंगा आडवा लाव, एकावर एक रचू नकोस, वरची चांदी निघाली की किंमत गेली.

मला अशा दोन होड्या मिळाल्या, आदल्या रात्री फोनवर सांगणाऱ्या, तर मी लिलावापेक्षा पन्नास रुपये चढून देईन. माझ्याही डोक्यावर व्यापारी आहे, मीही उधारीवरच माल उचलते. तुम्ही थेट दिलात तर आपण दोघंही त्यातून सुटू. पण पैसे मी संध्याकाळी देणार, सकाळी नाही. तेवढं चालत असेल तर सांग.

आणि पिल्लांचा सारंगा आणूच नकोस कोणी. विकताना माझाच हात मागे येतो.

निवृत्त_मत्स्यविस्तार

तुमच्या वहीने मला फार आनंद झाला. तीस वर्षं गावोगाव फिरताना असा लिहिलेला हिशेब मी बोटांवर मोजण्याइतक्याच घरांत पाहिला.

आधी उचलीचं. किसान क्रेडिट कार्ड 2019 पासून मच्छीमारांनाही लागू आहे. 2 लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 4 टक्के. तुम्ही सध्या 50 टक्के भरताय. शाखेत एकदा नाही म्हणतील, दुसऱ्यांदाही म्हणतील. होडीची नोंदणी, परवाना, संस्थेचं पत्र आणि ही वही घेऊन तिसऱ्यांदा जा. ते मिळालं की पहिल्या दिवशी व्यापाऱ्याचे ऐंशी हजार परत करायचे, दुसरं काही नाही.

पेट्रोल. इंजिन पूर्ण सोडून पळवलं की शेवटच्या थोड्याशा वेगासाठी सर्वात जास्त इंधन जळतं. मूठ तीन चतुर्थांशावर ठेवून आठ दिवस लिहून बघा. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राच्या समुद्र-माहिती संस्थेचे मासळीच्या संभाव्य क्षेत्राचे संदेश मराठीतही येतात, जरूर बघा, पण त्यातली बरीच क्षेत्रं तुमच्या इंजिनाच्या आवाक्याबाहेर असतात. तिकडे धावू नका. ती माहिती मोठ्या बोटींच्या कामाची जास्त.

आता आस. गिलनेटमध्ये मासा कल्ल्यांशी अडकतो, म्हणून आस जेवढा तेवढ्याच मापाचा मासा. लहान निसटतो, फार मोठा टकरून जातो. ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं) किंवा डोलीला (प्रवाहात रोवायचं पिशवीसारखं जाळं) ही निवड नाही, तुमच्या जाळ्याला आहे. सारंगा 2023 मध्ये राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने 54 जातींची किमान मापं ठरवली. त्यात सारंग्याचं माप 135 मिलिमीटर आहे, आणि माझ्या मते ते फारच लहान आहे. तुम्ही त्यावर थांबू नका. तुमचाच हिशेब करू. किलोत सोळा पिल्लं, दोनशे रुपये. त्या सोळातली बारा मेली असं धरा, चारच वाढून चारशे ग्रॅमची झाली, तरी एक किलो सहाशे ग्रॅम होतात. नऊशेच्या दराने 1,440 रुपये.

गावच्या नियमाने काय होतं, याचं उत्तर मासा किती फिरतो त्यावर आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी कायलात (खाडीसारख्या सरोवरात) शिंपले काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी काम बंद ठेवायचं आणि ठरलेल्या आसाचीच जाळी वापरायची हे पाळलं. त्या मत्स्यव्यवसायाला 2014 मध्ये एमएससी हे शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. पण शिंपला जागचा हलत नाही. आज सोडलेला उद्या तुम्हालाच मिळतो. तुमच्या खाडीतल्या तिसऱ्या, खुबे, कालवं या शिंपल्यांना हे जसंच्या तसं लागू आहे आणि तिथून सुरुवात करा. खाडीचं तोंड म्हणजे पिल्लांचं पाळणाघर, तिथला नियमही फळेल. बांगडा, तारली मात्र किनाराभर फिरतात. त्यांच्यासाठी आठ होड्यांचा नियम पुरणार नाही, तिथे किमान माप, पर्ससीनचे महिने आणि एलईडीबंदी पाळली जाते की नाही याचा संस्थेने सतत पाठपुरावाच करावा लागेल. जाळी फाटतील त्या रात्रीची वेळ, जागा, फोटो, सगळं वहीत लिहा आणि लेखी तक्रार करा.

कासव अडकलं तर जाळं कापून सोडा. सोडतानाचे फोटो काढून अर्ज केला की 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना 2018 च्या डिसेंबरपासून आहे. तुमच्या तोंडवळी-तळाशीलच्या वाळूवर कासवं अंडी घालतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तळाशीलची_होडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबा, मी आणि दोघं खलाशी हे मोठ्याने वाचत बसलो.

खारवीकाका, तिथी लावून बघितल्या. 41 पैकी 23 फेऱ्या भांगाच्या निघाल्या. बाबा म्हणाले, हे मला माहीत होतं, पण तू घरी बसलास तर लोक आळशी म्हणतील म्हणून बोललो नाही. भावाकडे परवान्याचा कागद मागितला, अजून दाखवलेला नाही. होडी विकत नाही, हे त्याला सांगितलंय.

मावशी, संध्याकाळी पैसे चालतील. खलाशांचा वाटा मी दुसऱ्या दिवशी सकाळी देईन, दोघंही तयार आहेत. आमच्या होडीत नाळेकडे (पुढच्या टोकाला) तीन फुटांची जागा आहे, तिथे दोन इंच जाडीचा फायबरचा खोका बसवतोय. भोक तळाला ठेवू की बाजूला? तळाला ठेवलं तर होडी डोलताना समुद्राचं पाणी आत येईल अशी भीती वाटते. कोणी बसवला असेल तर फोटो टाका.

साहेब, आठ होड्यांची बैठक रविवारी आहे. तिसऱ्यांवर सगळे तयार आहेत. सारंग्याच्या आसावर दोघं अडून आहेत, त्यांच्याकडे नवीन जाळं घ्यायला पैसे नाहीत. त्यांचं जुनं जाळं संस्थेने घेऊन नवीन हप्त्यावर द्यावं असं मी मांडणार आहे. असं कुठे केलेलं तुमच्या पाहण्यात आहे का?