राजाराम बंधाऱ्यावरचे ४३ फूट नेमके कुठून मोजतात, आणि आमच्या गावाला त्यातून काय कळतं?

मळीवाला_शिरोळ

नमस्कार मंडळी. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. जुलै लागला की घरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा, कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किती फूट. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे पाठ आहे, पण ४३ फूट म्हणजे नदी तेवढी खोल असते का? दुसरं असं की आमच्याकडं कधी कधी नुसती भुरभुर असते, ऊन पण पडतं, आणि पाणी मात्र मळीत (नदीकाठच्या शेतात) शिरतं. कोल्हापुरात पातळी उतरायला लागली असं येतं तरी आमच्याकडं चढतच असतंय. २०१९ ला आणि परत २०२१ ला जनावरं हलवताना फार हाल झाले, म्हणून मनापासून विचारतोय, नुसता फुटाचा आकडा बघून निर्णय घ्यायचा का अजून काय बघायचं?

पाटकरी_काका

माझी सगळी नोकरी नदी मोजण्यात गेली त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

४३ फूट म्हणजे खोली नव्हे. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य ठरवून दिलेला असतो आणि तिथून वर पाणी किती आलं ते वाचायचं. तो शून्य समुद्रसपाटीशी जोडलेला असतो पण दर ठिकाणी वेगळा. म्हणून राजारामचे ४३ आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे ४५ (तिथली धोका पातळी) शेजारी ठेवून कुणाकडं जास्त पाणी हे ठरवताच येत नाही. २०१९ ला राजारामला ५५ च्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर. सांगलीत मात्र उलटं, २०१९ चं पाणी २०२१ पेक्षा जास्त होतं. दोन पूर, दोन गावं, आणि दोघांचा मोठा पूर वेगळा.

आता पातळी आणि विसर्ग (म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय) या दोन गोष्टी वेगळ्या धरा. विसर्ग काढायला नदीच्या आडव्या छेदाचे भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली घेतात, करंट मीटर सोडून वेग घेतात (एकच माप घ्यायचं असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर), आणि क्षेत्रफळ गुणिले वेग करून सगळ्याची बेरीज. हे रोज दर तासाला होत नाही. म्हणून आधी बऱ्याच मापांवरून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बसवतात आणि पुढं नुसती पट्टी वाचून विसर्ग काढतात. पण मोठ्या पुरात पात्र खरवडतं, कुठं गाळ बसतो, की तो आलेख परत तपासावा लागतो. सगळ्यात मोलाची मापं ऐन पुरातलीच, आणि तीच घ्यायला सगळ्यात अवघड. रात्री पावसात उभं राहून पट्टी वाचणाऱ्या माणसाची किंमत लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं.

तुमच्या गावाचं उत्तर फुगवट्यात आहे. नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं थोपतं. म्हणजे वरून विसर्ग कमी होत असताना सुद्धा तुमच्याकडं पातळी चढू शकते. म्हणून एकट्या राजारामवर थांबू नका. आयर्विन पूल, कोयनेतून किती सोडलंय, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत (सात आहेत, एकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट), आणि खाली कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळी, एवढं एकत्र बघा.

आणि पाऊस तुमच्या डोक्यावरचा बघूच नका. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. तुमचा पूर घाटात पडतो.

कृष्णाकाठ

काकांनी सांगितलं त्यात एक घाला. फुटापेक्षा तासाला किती इंच चढतंय ते लिहून ठेवा. पाणी पात्रात असतं तोवर भराभर चढतं, एकदा शेतात पसरलं की वेग कमी होतो आणि लोकांना वाटतं पूर थांबला. थांबलेला नसतो, तेवढाच इंच चढायला आता कितीतरी जास्त पाणी लागतंय एवढंच.

क्युसेकचा पण एक हिशोब लक्षात ठेवा, ११,५७४ क्युसेक दिवसभर चालू राहिलं की एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं. मग धरणातून ३० हजार सोडले अशी बातमी आली की दिवसाला अडीच टीएमसीच्या वर येणार हे लगेच डोक्यात बसतं.

माणदेशी_मास्तर

आम्ही आटपाडीकडचे, आमचं दुखणं तुमच्या उलटं, पण मोजायचं काम तेच. तुमच्याकडं पाणी किती आलं आणि आमच्याकडं किती दिवस आलंच नाही. शाळेत पोरांकडून पर्जन्यमापक लिहून घेतो. रोज सकाळी साडेआठलाच वाचायचं, हवामान खात्याची वेळ तीच, नाहीतर आपला आकडा कुणाशी जुळत नाही. १६ सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं घेतलं तर साठलेले २० मिली म्हणजे १ मिमी पाऊस. भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा. अडीच मिमीच्या खाली पडला तर तो पावसाचा दिवस धरत नाहीत, हे आमच्यासारख्यांना फार महत्त्वाचं, कारण नुसत्या सरी मोजून लोक म्हणतात पाऊस झाला की, आणि ज्वारी तर वाळलेली असते.

सरकारी यंत्र महसूल मंडळात बसवलेलं असतं. २४ तासात ६५ मिमीची अतिवृष्टी तिथं नोंदली तरच ती धरतात, आणि आमच्याकडचा ढग एका शिवारात कोसळतो तर शेजारचं कोरडं राहतं. त्यामुळं गावाची स्वतःची वही पाहिजेच. विहिरीची पातळी पण लिहा. काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडायची, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, भूजलवाले पण याच महिन्यांत निरीक्षण विहिरी मोजतात. ऑक्टोबरचा आकडा बघितला की उन्हाळ्यात टँकर लागणार का याचा बराचसा अंदाज येतो.

मळीवाला_शिरोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगवट्याचं आज नीट समजलं. काका एक विचारू का, गावात पुलाच्या खांबावर आम्हीच फुटाच्या खुणा रंगवल्या तर चालतील का?

पाटकरी_काका

चालतील, पण ग्रामपंचायतीला सांगून करा आणि पुलावर काही ठोकू नका, नुसता रंग. शून्य एकदा ठरवला की बदलायचा नाही. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा कुणाच्या भिंतीवर अजून दिसत असतील तर लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) त्या उंचीच्या रेघा खांबावर आणा, सोबत वर्ष लिहा. मग पुरात दर तासाला वाचायचं, दोघांनी पाळी लावून, आणि शेजारी त्या वेळचं राजाराम आणि आयर्विन लिहायचं. चार-पाच पावसाळे नोंदी झाल्या की राजारामला पाणी कमाल पातळीला गेल्यावर तुमच्याकडं किती तासांनी जातं ते तुमचं तुम्हाला काढता येईल, कृष्णा भरलेली असताना वेगळं आणि रिकामी असताना वेगळं. वही पावसात भिजू देऊ नका, आणि शाई पेननं नको, पेन्सिलनं लिहा.